एकच ‘फायनल फाइट’, मग प्रत्येक घरी वेगळा का?

“काका, हा गेम दोघांना एकत्र खेळता येतो, आणि बाबा म्हणतात की तो एकट्यानेच खेळायचा असतो. खरे काय?” मुलुंडला दादाकडे गेलो असताना पुतण्याने मला असे पेचात टाकले. त्याने जुन्या आर्केड गेमचा, म्हणजे पार्लरमध्ये नाणे टाकून खेळायच्या गेमचा, एक संच विकत घेतला होता आणि त्यातला ‘फायनल फाइट’ हा मारामारीचा गेम टीव्हीवर सुरू होता. दादा चुकत नव्हता, पुतण्याही चुकत नव्हता. दोघांनी खेळलेल्या गेमचे नाव एक होते, पण बांधणी वेगळी होती.

दादाचे मत ज्यावरून बनले तो प्रसंग मलाही विसरता येत नाही. नव्वदच्या दशकात आम्ही परळच्या चाळीत राहत होतो. घराजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपया-रुपया टाकून आम्ही दोघे हा गेम शेजारी उभे राहून खेळत असू. एका उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या घरी दुबईहून सुपर निन्टेन्डो हे टीव्हीला जोडून खेळायचे मशीन आले, सोबत ‘फायनल फाइट’ची कॅसेट होती, आणि सुट्टीपुरते ते सारे आम्हाला मिळाले. मशीनसोबत एकच रिमोट होता (कंट्रोलरला आम्ही सगळे रिमोटच म्हणत असू), म्हणून साठवलेल्या पैशांतून आम्ही लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून दुसरा रिमोट आणला. दुकानदाराने खात्रीने सांगितले होते की हा गेम दोघांचा आहे. घरी येऊन रिमोट जोडला, सगळी बटणे दाबून पाहिली, आणि दुसऱ्या खेळाडूसाठी त्या कॅसेटमध्ये जागाच नाही हे कळायला आम्हाला अख्खी दुपार लागली. तेव्हा आम्हाला वाटले की रिमोट बिघडलेला आहे.

असे का घडले, हे समजून घेण्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. थोडी मोजणी लागते, आणि ती आपण या लेखात करणार आहोत.

पोर्ट म्हणजे नेमके काय

एका मशीनसाठी तयार झालेला गेम दुसऱ्या मशीनवर चालावा म्हणून पुन्हा बांधला जातो, तेव्हा त्या नव्या आवृत्तीला पोर्ट म्हणतात. गाण्याची कॅसेट एका टेपरेकॉर्डरमधून काढून दुसऱ्यात घालावी तसा हा प्रकार नसतो. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात जमलेले नाटक चाळीच्या गणेशोत्सवातल्या बारा फुटी मंचावर करायचे असेल, तर दिग्दर्शकाला जे करावे लागते ते पोर्ट करणाऱ्याला करावे लागते. दुमजली नेपथ्य मावत नाही, फिरता रंगमंच नसतो, विंगेत चार माणसे उभी राहिली की पाचव्याला जागा उरत नाही. मग कोणी एक प्रवेश गाळतो, कोणी दोन पात्रांची मिळून एक भूमिका करतो, कोणी नेपथ्य सोडून देतो पण पात्रे सगळी ठेवतो. नाटकाचे नाव प्रत्येक ठिकाणी तेच राहते.

म्हणून दोन पोर्टची तुलना करताना ‘कोणाचे चित्र जास्त छान’ एवढेच विचारून भागत नाही. दिग्दर्शकाने कात्री कशाला लावली आणि कशाला हात लावला नाही, हे पाहावे लागते.

मूळ मशीनची ताकद

‘फायनल फाइट’ जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८९ मध्ये आर्केडसाठी काढला. गोष्ट साधी आहे. मेट्रो सिटी या शहराचा महापौर माइक हॅगर हा पूर्वीचा कुस्तीगीर आहे. त्याच्या मुलीला, जेसिकाला, मॅड गिअर नावाची टोळी पळवून नेते, आणि हॅगर, कोडी व गाय असे तिघे तिला सोडवायला निघतात. तिघांपैकी एकाला निवडायचे, हवे तर मित्राला दुसरा निवडू द्यायचा, आणि रस्त्याने पुढे सरकत चाल करून येणाऱ्या गुंडांना चोपत जायचे. वस्ती, भुयारी रेल्वे, वेस्ट साइड, औद्योगिक परिसर, खाडीचा भाग आणि उच्चभ्रू वस्ती असे सहा टप्पे आहेत.

हा गेम कॅपकॉमच्या सीपी सिस्टिम नावाच्या सर्किट बोर्डावर चालत असे. त्यात १० मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता आणि चित्र आडवे ३८४ व उभे २२४ बिंदूंचे होते. आपल्यासाठी महत्त्वाचा शब्द मात्र स्प्राइट हा आहे. पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे हलणाऱ्या चित्राच्या तुकड्याला स्प्राइट म्हणतात, आणि असे अनेक तुकडे शेजारी-शेजारी जोडून एक माणूस उभा राहतो. या बोर्डावर १६ बाय १६ बिंदूंचे २५६ तुकडे एकाच वेळी दाखवता येत. एक गुंड साधारण ६४ बिंदू रुंद आणि ९६ बिंदू उंच धरला तर त्याला २४ तुकडे लागतात. २५६ ला २४ ने भागले की दहा येतात. थोडक्यात, या मशीनवर दहा धिप्पाड माणसे एकत्र उभी करता येत होती, आणि कॅपकॉमने ती सोय पुरेपूर वापरली.

बाकावरची चौथी सीट

आता सुपर निन्टेन्डोकडे येऊ, जपानमध्ये ज्याला सुपर फॅमिकॉम म्हणत. त्या मशीनवर १२८ स्प्राइट दाखवता येत, आणि हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल की हे पुष्कळ झाले. खरी अडचण दुसऱ्या एका मर्यादेत आहे, आणि मारामारीच्या गेमला तीच सर्वांत जास्त नडते.

टीव्हीचे चित्र आडव्या रेषांनी बनते, एकाखाली एक. सुपर निन्टेन्डोला अशा प्रत्येक आडव्या रेषेवर ८ बिंदू रुंदीचे जास्तीत जास्त ३४ स्प्राइट-तुकडे, म्हणजे २७२ बिंदू, रंगवता येतात. त्याहून जास्त तुकडे त्या रेषेवर आले, तर उरलेले रंगवलेच जात नाहीत आणि कोणाचा खांदा, कोणाचा पाय पडद्यावरून नाहीसा होतो. आपल्या लोकलच्या सेकंड क्लासचे बाक डोळ्यांसमोर आणा. तिघे नीट बसतात, चौथा कडेला टेकतो, पाचव्याने उभेच राहायचे. डब्यात इतरत्र कितीही मोकळी जागा असली तरी त्या बाकावर पाचवा मावत नाही. इथे प्रत्येक आडवी रेषा हे एक बाक आहे.

एक माणूस ६४ बिंदू रुंद धरला, तर २७२ बिंदूंच्या बाकावर चार माणसे बसतात. आणि हा गेम असा आहे की त्यात सगळे एकाच बाकाकडे धाव घेतात. गुंडाला ठोसा मारायचा असेल तर तुम्हाला त्याच्या समोर, त्याच पातळीवर यावे लागते, आणि त्यालाही तुमच्यावर हात टाकायचा असेल तर तेच करावे लागते. उड्या मारत पुढे जाण्याच्या गेममध्ये पात्रे पडद्यावर वर-खाली विखुरलेली असतात, त्यामुळे तिथे ही मर्यादा फारशी जाणवत नाही. मारामारीच्या गेममध्ये गर्दी एकाच रेषेवर जमणे हाच खेळाचा गाभा आहे.

दुसरी मर्यादा साठवणीची. पडद्यावर दिसणाऱ्या स्प्राइटची चित्रे त्या मशीनला एका छोट्या फडताळात तयार ठेवावी लागतात, आणि त्यात ८ बाय ८ बिंदूंचे ५१२ तुकडे मावतात. वरच्या मापाच्या एका माणसाला असे ९६ तुकडे लागतात. भागाकार केला की पाच माणसे येतात. दोन्ही हिशेब आपल्याला चार-पाचांच्याच घरात आणून सोडतात.

त्या दिवशी मुलुंडला आम्ही हे डोळ्यांनी पडताळले. पुतण्याने आर्केड आवृत्तीत पहिल्या टप्प्यात गुंडांनी घेरलेला हॅगर थांबवून धरला आणि आम्ही मोजले: समोर दोन, मागे तीन, आणि कडेने आत येणारा एक, असे सहा. मग सुपर निन्टेन्डोची आवृत्ती लावली आणि त्याच रस्त्यावर अनेकदा थांबवून मोजले. शत्रू तीन. पुढे गेलो तरी तीनच. एक खेळाडू आणि तीन शत्रू मिळून चार होतात, म्हणजे बाक पूर्ण भरले.

“पण घरचे मशीन तर नंतरचे होते ना?”

होय. सुपर फॅमिकॉम जपानमध्ये नोव्हेंबर १९९० मध्ये आले, आर्केडमधल्या गेमनंतर वर्षभराने. तरी नवे म्हणजे जास्त ताकदीचे असा नियम नाही. आर्केडचा बोर्ड पार्लरवाला विकत घेत असे आणि शेकडो मुलांच्या नाण्यांतून त्याची किंमत वसूल करत असे. घरचे मशीन एका कुटुंबाला परवडावे लागते. बेस्टची नवी बस आणि नवी स्कूटर एकाच वर्षी घेतली म्हणून दोन्हींत सारखे प्रवासी बसत नाहीत.

प्रोसेसरच्या वेगाबाबत मात्र थोडे सावध राहावे. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चालतो आणि आर्केडचा १० वर, म्हणून आर्केड जवळपास तिप्पट वेगवान असे अनेक जण सांगतात. दोन्ही प्रोसेसर वेगळ्या घराण्यांतले आहेत आणि एका ठोक्यात सारखे काम करत नाहीत, त्यामुळे हा भागाकार खरे चित्र दाखवत नाही. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर या कामात कमकुवत होता हे खरे, पण तो नेमका तिपटीने कमकुवत होता असे म्हणता येत नाही.

कॅसेटमध्ये काय राहिले नाही

‘फायनल फाइट’ची कॅसेट जपानमध्ये २१ डिसेंबर १९९० रोजी आली, मशीन बाजारात आल्यानंतर बरोबर एका महिन्याने. ती ८ मेगाबिटची होती. मेगाबिटला आठने भागले की मेगाबाइट मिळतात, म्हणजे चित्रे, संगीत, आवाज आणि प्रोग्राम मिळून सारे १ मेगाबाइट. आर्केडच्या बोर्डावर नुसत्या चित्रांसाठीच २ मेगाबाइट होते.

म्हणून तीनपैकी गाय हा लढवय्या गेला. रोलेंटो हा म्होरक्या ज्या औद्योगिक परिसरात भेटतो तो संपूर्ण टप्पा गेला. आणि दोघांनी एकत्र खेळण्याची सोय गेली. १९९२ मध्ये जपानमध्ये ‘फायनल फाइट गाय’ नावाची दुसरी कॅसेट आली, तीत गाय परतला, पण त्याच्यासाठी जागा करताना कोडीला वगळले गेले. औद्योगिक परिसर आणि दुसरा खेळाडू तिथेही नव्हते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. त्याच मशीनवर १९९३ मध्ये ‘फायनल फाइट २’ आला आणि तो दोघांना एकत्र खेळता येत होता. मग पहिल्याच वेळी का जमले नाही? बाकाचे गणित इथे पुन्हा लावून पाहा. चारच जागा असतील, तर दुसरा खेळाडू बसवण्यासाठी एक जागा शत्रूकडून काढून घ्यावी लागते. घरच्या मशीनसाठीच जन्मलेल्या गेममध्ये ही वाटणी सुरुवातीपासून ठरवता येते: शत्रू कमी, पण चिवट; रस्ते त्या मापाचे; पात्रे त्या मापाची. गर्दीवरच रचलेला आर्केड गेम आणताना तीच वाटणी केली तर प्रत्येक प्रसंगाचा तोल जातो. मला विचाराल तर तो तोल सांभाळून दुसरा खेळाडू ठेवायला हवा होता. दोन शत्रू कमी चालले असते. शेजारी उभा असलेला भाऊ कमी झाला आणि गेम निम्मा झाला.

काही बदलांमागे तंत्राचे कारण नव्हतेच. कॅसेट १९९१ मध्ये अमेरिकेत गेली तेव्हा पॉयझन आणि रॉक्सी या स्त्री-गुंडांच्या जागी बिली आणि सिड हे पुरुष आले, डॅम्ड व सोडोम या म्होरक्यांची नावे थ्रॅशर व कटाना झाली, आणि मोटार फोडण्याच्या टप्प्यानंतर तिचा मालक देवाचे नाव घेऊन हळहळत असे, तो आपल्या मोटारीचे नाव घेऊन हळहळू लागला. हे सारे तिथल्या बाजाराच्या संकेतांसाठी झाले.

सेगाने वेगळी कात्री चालवली

निन्टेन्डोची स्पर्धक असलेल्या सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या मशीनला जोडायच्या सीडी यंत्रासाठी १९९३ मध्ये ‘फायनल फाइट सीडी’ आला. त्यात तिन्ही लढवय्ये आहेत, सहाही टप्पे आहेत आणि दोघांना एकत्र खेळता येते. संगीत सीडीवरून वाजते, त्यामुळे ते आर्केडहूनही भरदार ऐकू येते.

मग कमी काय झाले? रंग. सुपर निन्टेन्डो एका वेळी २५६ रंग दाखवू शकते आणि ते ३२,७६८ छटांमधून निवडते. मेगा ड्राइव्ह एका वेळी ६४ रंग दाखवते आणि निवडायला छटा फक्त ५१२ असतात. त्यामुळे हॅगरच्या दंडावरची सावली जिथे आर्केडमध्ये हळूहळू गडद होत जाते, तिथे सेगावर दोन-तीन पायऱ्यांत उतरते, आणि सगळे शहर काहीसे काळवंडलेले दिसते. दोन्ही आवृत्त्यांची थांबवलेली चित्रे शेजारी ठेवली तर बहुतेक जण सुपर निन्टेन्डोचेच चित्र निवडतील. मासिकांतल्या छापील चित्रांवरून मत बनवण्याच्या काळात या गोष्टीचा मोठा परिणाम झाला असणार.

सीडीवर शेकडो मेगाबाइट मावतात म्हणून जागेचा प्रश्न पूर्ण सुटला, असेही नाही. मशीनला सीडीवरून थेट खेळवता येत नाही. हवा तो भाग आधी आतल्या स्मृतीत आणावा लागतो, आणि त्या सीडी यंत्रातली मुख्य स्मृती ७६८ किलोबाइट होती. गोदाम भिवंडीला कितीही मोठे असले तरी दुकानाच्या फळीवर मावेल तेवढाच माल एका खेपेत मांडता येतो. म्हणून भाग बदलताना थांबून वाट पाहावी लागते. ती वाट मी आनंदाने पाहीन.

सर्वांत लहान मंचावर

आपल्याकडे घरोघरी जी टीव्ही गेमची मशीन होती ती निन्टेन्डोच्या त्याआधीच्या पिढीच्या फॅमिकॉम या मशीनवर बेतलेली होती. त्या मशीनवर एका रेषेवर ८ बिंदूंचे फक्त ८ स्प्राइट, म्हणजे ६४ बिंदू मावतात. एकटा हॅगर अख्खे बाक अडवून बसेल. गर्दी झाली की पात्रे लुकलुकत असत ते याचमुळे: एका रेषेवर मावत नसलेल्यांना आळीपाळीने दाखवले जात असे.

कॅपकॉमने १९९३ मध्ये या मशीनसाठी ‘मायटी फायनल फाइट’ काढला तेव्हा नक्कल करण्याचा नाद सोडून दिला. मोठी डोकी आणि आखूड अंग असलेली बुटकी पात्रे काढली आणि लढता लढता पात्राची ताकद वाढण्याची नवी सोय घातली. तीन अंकी नाटक कापून-कुपून न दाखवता त्याच कथेवर एकांकिका लिहावी, तसे हे काम आहे. दोघांचा खेळ त्यातही नाही, तरीही मला ते मनापासून आवडते, कारण ते आपल्या मंचाचे माप ओळखून लिहिलेले आहे. पुढे २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या २४० बाय १६० बिंदूंच्या छोट्या पडद्यावर ‘फायनल फाइट वन’ आला आणि त्यात तिघेही लढवय्ये, औद्योगिक परिसर आणि तारेने दोन यंत्रे जोडून दोघांचा खेळ, हे सारे परतले.

“आता तर मूळ गेमच मिळतो, मग हा विषय संपला ना?”

पुतण्याने घेतलेला संच कॅपकॉमने २०१८ मध्ये काढला, आणि त्यातला ‘फायनल फाइट’ एम्युलेशनवर चालतो. नवे मशीन सॉफ्टवेअरच्या साह्याने जुन्या मशीनचे सोंग घेते आणि त्याच्यावर मूळ प्रोग्राम जसाच्या तसा चालतो, याला एम्युलेशन म्हणतात. इथे कात्रीचा प्रश्नच उरत नाही. तरी घरात बसून पाहताना तीन गोष्टी बदलतात.

पहिली आकाराची. ३८४ बाय २२४ बिंदूंचे चित्र मूळ काचेच्या पडद्यावर ४:३ या प्रमाणात दिसत असे, म्हणजे प्रत्येक बिंदू थोडा अरुंद होता आणि चित्रकारांनी तोच अरुंदपणा धरून माणसे काढली होती. आजच्या रुंद टीव्हीवर चित्र ताणून पडदाभर केले की हॅगर फुगतो. दादाच्या टीव्हीवर तो असाच फुगलेला होता, प्रमाण ४:३ केल्यावर दादा लगेच म्हणाला, “हा आपला हॅगर.” दुसरी गोष्ट विलंबाची. नवे टीव्ही चित्रावर संस्कार करून मग ते दाखवतात, त्यामुळे बटण दाबणे आणि ठोसा बसणे यांत किंचित अंतर पडते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो लावावा. तिसरी गोष्ट नाण्याची, आणि ती कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. हा गेम मुद्दाम कठीण ठेवला होता, कारण हरलेल्या मुलाने खिशात हात घालावा अशी त्याची रचना होती. खिशातला शेवटचा रुपया संपला की घरी जावे लागत असे, म्हणून सोडोमसमोर आमचे हात थरथरत. आज एक बटण दाबले की हवी तेवढी नाणी मिळतात आणि तो सोडोम कोणालाच भीती घालत नाही. आम्ही पुतण्याबरोबर नियम ठरवला: दोघांत मिळून पाच नाणी.

आणि मुस्तफा?

मुंबईच्या पार्लरमध्ये ज्या मारामारीच्या गेमवर सर्वांत जास्त जीव होता, तो म्हणजे ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. कॅपकॉमनेच १९९३ मध्ये काढलेला हा गेम आपण सगळे त्यातल्या एका पात्राच्या नावाने, मुस्तफा म्हणूनच, ओळखत होतो. त्याचे पोर्ट चांगले की वाईट ही तुलनाच करता येत नाही, कारण हा आर्केड गेम घरच्या कोणत्याही मशीनवर आला नाही. सेगाच्या सीडी यंत्रावर १९९४ मध्ये त्याच नावाचा गेम आला होता, पण तो मोटार चालवण्याचा वेगळाच गेम आहे. २०१८ च्या संचातही मुस्तफा नाही. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवर तो आधारलेला आहे आणि शीर्षकात मोटारीचे प्रसिद्ध नाव आहे, म्हणजे गेम कॅपकॉमने बांधला असला तरी गोष्ट आणि नाव इतरांचे आहे. नाटकाचा संच तयार आहे, नटही तयार आहेत, पण प्रयोग लावायचा तर लेखकाची परवानगी लागते. ज्या बोर्डाचे सोंग आजची मशीन सहज घेतात, त्याच घराण्यातल्या बोर्डावर हा गेम चालत असे. बाकाचे गणित इथे आडवे येत नाही.

पुतण्याला हे सांगितल्यावर तो थोडा हिरमुसला, कारण मुस्तफाच्या धावत येऊन मारलेल्या लाथेच्या गोष्टी त्याने बाबांकडून पुष्कळ ऐकल्या आहेत. मग त्याने एक रिमोट दादाच्या हातात दिला आणि दुसरा माझ्या. दादाने हॅगर घेतला, मी गाय घेतला. जमिनीतून ज्वाळा उसळणाऱ्या औद्योगिक परिसरात, जो आमच्या कॅसेटमध्ये नव्हताच, आम्ही चौथ्या नाण्यावर पोहोचलो.